घरांतलें यंत्र : ‘ओटी’ लिहिली, ‘टी’ उरली

परतवाड्याहून एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्र लांबलचक आहे, व त्यांतील बराचसा भाग घरगुती असल्यामुळें तें सगळें येथें छापणें युक्त नव्हे; परंतु त्यांतील मूळ प्रश्न असा आहे कीं, ज्या ज्या घरांत आज संगणकावर मराठी लिहिलें जातें, त्या त्या घरांत तो केव्हां ना केव्हां उपस्थित व्हावयाचाच. म्हणून या वेळचें हें सदर आम्हीं त्या एकाच पत्राला वाहिलें आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. या भगिनींच्या आजेसासूबाई नव्वदी ओलांडलेल्या होत्या. मूर्तिजापुराहून निघणाऱ्या अरुंद रुळांच्या ‘शकुंतला’ गाडीनें नव्या नवरीच्या वेषांत त्या अचलपुरास उतरल्या, तेव्हांपासूनचें सारें त्यांना मुखोद्गत होतें. सापन नदीचा पूर, मेळघाटांतून येणारे सागवानाचे ओंडके, लाकडाच्या वखारी, चिखलदऱ्याचा घाट, घरांतलीं बाळंतपणें, मुंजी, सोयर आणि सुतक, सर्व कांहीं. नातसुनेनें दोन वर्षें दुपारच्या वेळीं त्यांच्या उशाशीं बसून तें पेन्सिलीनें वह्यांत उतरून घेतलें. गेल्या कार्तिकांत आजी निवर्तल्या. त्यानंतर बाईंनीं त्या वह्या संगणकावर लिहावयास घेतल्या. चाळीस पानें झालीं. एके दिवशीं तिन्हीसांजेला आजींच्या पहिल्या ओटीभरणाचा प्रसंग चालला असतां ‘ओटी’ हा शब्द लिहिला मात्र, आणि चाळीसचीं चाळीस पानें डोळ्यांदेखत नाहींशीं झालीं! पांढऱ्या पडद्यावर एकच अक्षर उरलें : ‘टी’.

बाईंनीं घाबरून ती खिडकी मिटावयास घेतली. केलेले बदल जतन करावयाचे काय, असें यंत्रानें विचारलें. काय करावें तें न सुचून त्यांनीं ‘नको’ म्हटलें, आणि या एका ‘नको’नें सदतीस पानें वांचलीं, कारण दुपारीं जतन केलेली प्रत तशीच राहिली. दुपारनंतरचीं तीन पानें मात्र गेलीं. त्यांपैकीं दोन वहीवरून पुन्हां लिहितां येतील. तिसरें वहींत नव्हतेंच. आजींनीं शेवटच्या दुखण्यांत सांगितलेलें तें केवळ स्मरणानें लिहिलेलें होतें.

घरांत यावर अनेक मतें झालीं. भाऊजी म्हणाले, यंत्रांत विषाणू शिरला असावा. यजमान म्हणाले, यंत्रच जुनें झालें आहे. मामंजी कांहींच बोलले नाहींत. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्या यंत्रावर कापड झांकलेलें आहे, आणि अद्याप दोन वह्या उरल्या असून त्यांतली पेन्सिल दिवसेंदिवस पुसट होत चालली आहे. बाई विचारतात, “माझ्या हातून नेमकें झालें काय? तें पुन्हां होणार नाहीं याची हमी कोण देईल? नसेल तर हें काम मीं सोडून द्यावें कीं काय?”

भगिनी, आपण काम सोडूं नये. यंत्रांत विषाणू शिरलेला नाहीं, आणि तें जुनें झालेलेंहि नाहीं. जें झालें तें पूर्णपणें समजण्यासारखें आहे, व एकदां समजलें कीं टाळण्यासारखेंहि आहे.

आपल्या कळफलकाच्या डाव्या कडेला खालच्या बाजूस दोन कळा एकीखालीं एक असतात. वरची ‘शिफ्ट’ आणि खालची ‘कंट्रोल’. दोघींत अंतर बोटाच्या पेराएवढें. पण दोघींचा धर्म अगदीं निराळा. शिफ्ट ही टंकलेखन यंत्रांच्या काळची म्हातारी. १८७८ सालच्या रेमिंग्टनच्या दुसऱ्या यंत्रावर ती प्रथम आली. तिचें म्हणणें एवढेंच कीं, या कळेवरचें वरचें अक्षर द्या. कंट्रोलची परंपरा तारयंत्रांची. ती म्हणते, हें अक्षर नव्हेच, ही आज्ञा समजा. अशा आज्ञांनाच ‘शॉर्टकट’ म्हणतात, आणि त्या बहुधा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ठरलेल्या आहेत. ‘ऑल’ म्हणजे सर्व, म्हणून कंट्रोल-ए म्हणजे सर्व मजकूर निवडा. ‘सेव्ह’ म्हणजे जतन करा, म्हणून कंट्रोल-एस. ‘प्रिंट’ म्हणजे छापा, म्हणून कंट्रोल-पी. झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळा मात्र अनुक्रमें मागें फिरवणें, कापणें, नक्कल करणें आणि चिकटवणें या कामांना लावल्या गेल्या. १९८३ सालच्या ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ यंत्रावर ही मांडणी होती, आणि पुढें ती सर्वत्र रूढ झाली.

आतां मराठीकडे वळूं. बाई ज्या कळफलकानें लिहितात त्याला ‘इन्स्क्रिप्ट’ म्हणतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं तो ठरविला, आणि पुढें १९९१ च्या भारतीय मानकांतहि त्याला स्थान मिळालें. त्याची रचना मोठी शास्त्रशुद्ध आहे. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताला. कळ नुसती दाबली तर काना, मात्रा, वेलांटी. शिफ्टसह दाबली तर तोच स्वर पूर्ण रूपानें. ए या कळेवर नुसता ‘ो’ आहे, आणि शिफ्टसह ‘ओ’. म्हणजे ‘ओटी’ लिहावयाची तर आधीं शिफ्ट आणि ए, मग ‘ट’ची कळ, मग ‘ी’ची.

बाईंचें बोट शिफ्टवर पडावयाचें तें एक पेर खालीं कंट्रोलवर पडलें. झालें! यंत्रानें ‘ओ’ लिहिला नाहीं. त्यानें चाळीसहि पानें निवडलीं. निवडलेला मजकूर पडद्यावर गडद दिसतो, पण बाईंची दृष्टि होती वहीवर. पुढची कळ ‘ट’ची. निवडलेल्या मजकुरावर कांहीं लिहिलें कीं तो मजकूर जाऊन त्याच्या जागीं नवें अक्षर बसावें, हा या सर्व आज्ञावलींचा सामान्य नियम. तेव्हां ‘ट’ आला आणि आजींचें अवघें आयुष्य त्यानें पुसून टाकलें. मागून ‘ी’ आली आणि ‘टी’ पुरी झाली. यंत्रानें यांत कोठेंहि नियम मोडलेला नाहीं. त्याला मिळालेल्या तीन आज्ञा त्यानें निमूटपणें पाळल्या.

येथें कोणी विचारील कीं, कळफलक मराठीवर असतां ए ही कळ इंग्रजी ‘ए’ म्हणून ओळखली तरी कशी जाते? त्याचें उत्तर वऱ्हाडांतल्या वाचकांना शकुंतलेच्या उदाहरणानें चटकन् पटेल. ती गाडी गेलीं कांहीं वर्षें बंद आहे. परंतु मूर्तिजापुराहून एक फांटा अचलपुराकडे आणि दुसरा यवतमाळकडे जात असे, हें सर्वांच्या लक्षांत आहे. स्थानक एकच, गाडी कोणीकडे जाणार तें सांध्यावर ठरावयाचें. कळेचें तसेंच. प्रत्येक कळेला यंत्रांत एक कायमचा क्रमांक असतो. नुसती वा शिफ्टसह दाबली कीं तो क्रमांक अक्षरांच्या मार्गाला लागतो, आणि मराठी निवडली असेल तर मराठी अक्षर उमटतें. कंट्रोलसह दाबली कीं तोच क्रमांक आज्ञांच्या मार्गाला लागतो, आणि तेथें मराठी-इंग्रजीचा प्रश्नच उरत नाहीं. कांहीं आज्ञावली मात्र क्रमांकाऐवजीं अक्षर पाहतात. अशा ठिकाणीं मराठी चालू असतां कोणतीच आज्ञा लागू पडत नाहीं, आणि कंट्रोल-सी कितीहि वेळां दाबली तरी नक्कल होत नाहीं. तेथें कळफलक क्षणभर इंग्रजीवर आणून आज्ञा द्यावी व पुन्हां मराठीवर यावें.

एवढें कळलें म्हणजे आणखी कितीतरी भुताटकींचा उलगडा आपोआप होतो. ‘आई’ लिहूं जावें तर परिच्छेद आधीं मधोमध सरकतो आणि मग उजव्या कडेला जातो. कारण ‘आ’ हा ई-कळेवर व ‘ई’ हा आर-कळेवर आहे, आणि कंट्रोलसह त्या दोन कळांचीं हींच कामें. ‘इतका’ लिहितांना शोधाची चौकट उघडते. ‘घर’ लिहितांना ‘घ’ उमटत नाहीं आणि ‘र’ तिरका पडतो. ‘झाड’ लिहितांना छपाईची खिडकी पुढें येते. ‘ऐका’ लिहितांना सारें दप्तर मिटूं लागतें. ‘बाळ’ लिहितांना ‘ळ’च्या जागीं एक नवें कोरें पान उघडतें आणि लिहिणाऱ्याला वाटतें, सगळें गेलें! वास्तविक कांहींच गेलेलें नसतें. जुनें दप्तर नव्याच्या मागें सुखरूप उभें असतें. आणि ‘एक’ लिहूं जावें तर पडद्यावर दिसण्यासारखें कांहींच घडत नाहीं. मजकूर तेवढा जतन होतो. या सर्वांत हीच एक चूक उपकारक म्हणावी, पण तीहि नेहमींच नव्हे. मजकूर पुसला गेल्यावर ती घडली तर पुसलेलेंच जतन होतें.

कांहीं चुका कंट्रोलच्या नसून दुसऱ्याच असतात. त्याहि सांगून ठेवतों. विंडोजवर डावी आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबल्या गेल्या तर भाषा बदलते, आणि वाक्याच्या मध्येंच इंग्रजी अक्षरें उमटूं लागतात. पडद्याच्या खालीं उजव्या कोपऱ्यांत चालू भाषेची खूण असते, ती पाहावी. दुसरी कळ न दाबतां शिफ्ट लागोपाठ पांच वेळां दाबली तर ‘स्टिकी कीज’ नांवाची सोय सुरू करावयाची काय, असें यंत्र विचारतें. ज्यांना दोन कळा एकदम दाबणें शारीरिक अडचणीमुळें कठीण जातें त्यांच्यासाठीं ती आहे. नकळत ‘होय’ म्हटलें गेलें तर शिफ्ट आणि कंट्रोल सोडल्यावरहि दाबलेल्याच राहिल्यासारख्या वागतात, व लिहिणारा चक्रावून जातो. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली तर अशीच दुसरी सोय जागी होते आणि कळा मंद झाल्याचा भास होतो. चिवड्याचा कण कंट्रोलखालीं जाऊन ती खरोखरीच अडकून बसली, असेंहि घडतें. मग प्रत्येक अक्षर आज्ञा बनतें. त्या वेळीं दोन्हीं बाजूंच्या कंट्रोल, शिफ्ट व आल्ट या कळा एकेकदां दाबून सोडाव्या, आणि यंत्र बंद करून कळफलक उलटा धरून हलकेच झटकावा.

आतां उपचार. अकस्मात् कांहीं भलतें झालें तर पहिला नियम हा कीं, हात कळफलकावरून उचलावा. बहुतेक नाश पहिल्या चुकीनें होत नाहीं. घाबरून केलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चुकीनें होतो. दुसरा नियम : कंट्रोल-झेड. ही मागें फिरण्याची आज्ञा आहे. एकदां दाबली कीं शेवटची एक क्रिया रद्द होते. पुनः पुनः दाबली कीं त्यामागच्या. बाईंनीं त्या संध्याकाळीं हीच कळजोडी दोन-चार वेळां दाबली असती तर चाळीसहि पानें जशींच्या तशीं परत आलीं असतीं. मध्यंतरीं चुकून मजकूर जतन झाला असला तरीहि दप्तर मिटलेलें नसेल तोंवर ही आज्ञा चालते. दप्तर मिटलें कीं मात्र हा मार्ग बंद होतो; म्हणून मिटण्याची घाई कदापि करूं नये. फारच मागें जाणें झालें तर कंट्रोल-वायनें पुन्हां पुढें येतां येतें.

तिसरा नियम परीक्षेचा. मजकूर परत आल्यावर तोच शब्द दुसऱ्या एखाद्या साध्या आज्ञावलींत, जसें नोटपॅडमध्यें, लिहून पाहावा. तेथेंहि कळा विचित्र वागल्या तर दोष कळफलकाचा किंवा यंत्राच्या मांडणीचा समजावा. तेथें सर्व सुरळीत असेल तर तो लेखनाच्या आज्ञावलींतल्या एखाद्या ठरावाचा. वर्डमध्यें ‘पर्याय’ या खिडकींत कळफलकाची मांडणी बदलण्याची सोय आहे, आणि लिबरऑफिसमध्येंहि तशीच आहे. कोणती कळजोडी कोणत्या कामाला लावली आहे तें तेथें दिसतें. नको असलेली काढून टाकतां येते, आणि कोणी गोंधळ करून ठेवला असेल तर सर्व पूर्ववत् करतां येतें. बाईंना आमची सूचना अशी कीं, कंट्रोल-ए आणि कंट्रोल-डब्ल्यू या दोन जोड्या तेथून काढूनच टाकाव्या. सर्व मजकूर निवडण्याचा प्रसंग महिन्यांतून एकदां यावयाचा. तो यादींतून निवडतां येतो. ‘ओ’ मात्र पानोपानीं लागतो.

परंतु खरी हमी बोटांच्या वळणांत आहे. टंकलेखनाच्या वर्गांत पहिल्या आठवड्यांत एक नियम शिकवितात : अक्षराची कळ ज्या हाताची, शिफ्ट तिच्या विरुद्ध हाताची. इन्स्क्रिप्टमध्यें स्वर सारे डाव्या हाताला असल्यानें अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ या दहाहि अक्षरांसाठीं शिफ्ट उजव्या करंगळीनें दाबावी. उजवीकडची शिफ्ट लांबरुंद असते. तेथें चूक होण्याचा संभव फार कमी. राहिलीं ख, घ, थ, ध यांसारखीं उजव्या हाताचीं अक्षरें. त्यांना डावी शिफ्ट लागणारच. पण त्यांच्या चुकीनें चौकटी उघडतात किंवा अक्षरें तिरपीं होतात, आजींचें आयुष्य पुसलें जात नाहीं. ही संवय लागावयाला पंधरा दिवस पुरतात. आरंभीं वेग निम्म्यावर येईल. तो येऊं द्यावा.

याखेरीज दप्तराची काळजी. रोज काम संपल्यावर त्या दिवसाची तारीख नांवांत घालून वेगळी प्रत करावी. आठवड्यास एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती दुसऱ्या घरीं, माहेरीं किंवा नणंदेकडे, ठेवावी. महिन्याचें लेखन कागदावर छापून घ्यावें. ज्यांचीं दप्तरें इंटरनेटवरच्या कोठारांत असतात त्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. तेथें पुष्कळदां यंत्र क्षणोक्षणीं आपण होऊन जतन करतें. म्हणून ‘नको’ म्हणून सुटका होत नाहीं. मात्र जुन्या आवृत्त्यांची यादी तेथें राहते, तींतून आदल्या दिवसाची प्रत परत मिळवितां येते.

आतां राहिला दोषाचा प्रश्न, आणि पत्राचें मर्म आमच्या मतें तेथेंच आहे. आपल्या घरांत वस्तु बिघडली कीं ती शेवटीं ज्याच्या हातांत होती त्याच्याकडे सर्वांची दृष्टि वळते. आणि घरांत नव्यानें आलेल्या माणसाकडे ती जरा अधिक वळते. या बाबतींत तो न्याय लावतां येत नाहीं. कंट्रोल-ए कोठें असावी हें दूरच्या देशांत इंग्रजी लिहिणाऱ्यांनीं त्यांच्या सोयीनें ठरविलें. त्यांच्या भाषेंत शिफ्ट-ए वाक्याच्या आरंभीं किंवा नामाच्या आरंभीं क्वचित् लागते. ‘ओ’ कोठें असावा हें आपल्याकडच्या तज्ज्ञांनीं आपल्या वर्णमालेच्या शिस्तीनें ठरविलें. दोन्हीं निर्णय आपापल्या जागीं शहाणपणाचे. पण ते एका कळेवर एकत्र आले आणि त्यांचा भार एका नातसुनेच्या करंगळीवर पडला. तिची चूक झाली ती एका पेराची. ती चूक रोज शेंकडों लोकांकडून होते, आणि ज्याला कंट्रोल-झेड ठाऊक असते तो ती कोणाला सांगतहि नाहीं.

मामंजींना आमची नम्र विनंति आहे. आपण बोलला नाहीं याचें कारण राग नसून दुःख असावें, असें आम्हांस वाटतें. त्या पानांत आपल्या मातोश्री होत्या. परंतु आपल्या घरीं त्यांचे शब्द वाचतां येतील अशा अक्षरांत उतरविण्याचें काम दोन वर्षें एकाच व्यक्तीनें केलें आहे. यंत्रावरचें तें कापड आपल्याच हातानें काढावें. शक्य तर संध्याकाळीं घटकाभर शेजारीं बसून आपण वही वाचून सांगावी आणि सूनबाईंनीं लिहावें. म्हणजे त्यांची दृष्टि वहीवर न राहतां पडद्यावर राहील, मजकूर गडद झालेला तत्काळ दिसेल, आणि पुसट झालेले शब्द आपल्याला आठवतील तसे दुसऱ्या कोणालाहि आठवणार नाहींत.

आणि भगिनी, तें तिसरें पान. तें यंत्रांतून परत येण्याची आशा करूं नये. पण तें अद्याप आपल्या स्मरणांत आहे, आणि स्मरणांतली पेन्सिल वहींतल्यापेक्षां लौकर पुसली जाते. म्हणून हा अंक हातीं पडेल त्याच दिवशीं, यंत्रावर नव्हे, कागदावर, आठवेल तसें आणि आठवेल त्या क्रमानें तें लिहून काढावें. त्या दुखण्यांत उशाशीं आणखी कोण कोण होतें त्यांनाहि विचारावें; एकीला वाक्य आठवेल, दुसरीला हातवारा. मग सावकाश, उजव्या करंगळीनें शिफ्ट दाबून, तें चाळीस पानांच्या शेवटीं जोडावें. ‘ओटी’ या शब्दापासूनच आरंभ करावा.